पामच्या कुंडीला पाणी देणारी साधनं: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

अरेका पाम विकत घेतला की नर्सरीवाला कुंडी गाडीत ठेवता ठेवता सांगतो, "एक दिवसाआड एक मग." हाच सल्ला मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवर झाड करपवतो आणि ऑगस्टमध्ये ठाण्याच्या दिवाणखान्यात तेच झाड कुजवतो. मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात चार वस्तू: मातीत खुपसायचा ओलावा मीटर, तळाशी पाण्याचा कप्पा असलेली कुंडी, टायमरवाला ठिबक संच आणि बाटली उलटी खोचायची मातीची खुंटी. पाण्याची चिंता मिटेल, असं चौघांच्याही खोक्यावर लिहिलेलं असतं. पामपुरतं बोलायचं तर त्यांतली एकच वस्तू पैसे वसूल करून देते, आणि तीही नीट जोडली तर. बाकीच्यांचं काय, ते पुढे येईलच.

आधी झाड काय मागतं ते पाहू, म्हणजे साधनाची पारख कशावर करायची ते कळेल. पामला आंब्यासारखं सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून जवळजवळ सारख्या जाडीची असंख्य मुळं फुटतात, ती वयाबरोबर जाड होत नाहीत आणि कुंडीच्या तळाशी गोल गोल फिरून जाळं करतात. या जाळ्याला पाणी जितकं लागतं तितकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. पण झाड हे लगेच सांगत नाही. आधी खालची पानं पिवळी होतात. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी घालतो. पामला वाढीचा कोंब एकच असतो. मधली न उमललेली सुरळी हलक्या हाताने ओढल्यावर निघून आली, तर त्या खोडाचा खेळ संपला. अरेकासारख्या झुपक्यात बाकीची खोडं वाचू शकतात, एकखोडी पाम वाचत नाही.

म्हणून नियम दोन भागांचा आहे. द्याल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या; मग वरचा थर कोरडा होईपर्यंत थांबा. अरेका, ऱ्हापिस आणि चमेडोरिया या घरात ठेवायच्या पामांना वरचे दोन इंच कोरडे झाले की पाणी. फॅन पाम, बिस्मार्किया आणि शिंदी-खजुराच्या जातभाईंना कुंडी जवळजवळ निम्म्या खोलीपर्यंत कोरडी झाली तरी चालते. मात्रा अशी: ८ इंची कुंडीला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, १२ इंचीला दोन लिटर, १६ इंचीला चार ते पाच. रोज अर्धा मग शिंपडण्यात तोटा असा की वरचे तीन इंच भिजतात, खालची मुळं कोरडीच राहतात आणि क्षार मातीतच साठत जातात.

दिवसांचा अंदाज हवाच असेल तर १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीतला चार फुटी अरेका धरू. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळचं ऊन येणाऱ्या बाल्कनीत दर दोन दिवसांनी, पश्चिमेच्या गच्चीवर रोज. मुंबईच्या दमट हवेत त्याच बाल्कनीत दोन-तीन दिवसांनी. घरात, खिडकीपासून पाच-सहा फुटांवर, पाच ते सात दिवसांनी. थंडीत बाल्कनीत चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात उघड्यावर काहीच नाही, घरात आठ-दहा दिवसांनी. मातीची कुंडी असेल तर बाजूंनी पाणी उडतं, तेव्हा एखादा दिवस आधी. विदर्भातल्या मे महिन्यात हा हिशेब विसरा; तिथे सावलीची जाळी आधी, पाण्याचं नंतर.

आता साधनं.

ओलावा मीटर

साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळणारा, दोन पायांचा, हिरव्या तबकडीचा, बिनबॅटरीचा मीटर. बॅटरी लागत नाही यातच त्याची मेख आहे. त्याचे दोन पाय वेगवेगळ्या धातूंचे असतात. ओल्या मातीत त्यांच्यामध्ये अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावर काटा हलतो. म्हणजे हा मीटर पाणी मोजत नाही, पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून वाहणारा प्रवाह मोजतो. तपासून पाहायचं तर ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात पाय बुडवा: काटा जेमतेम हलेल. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका: काटा टोकाला. पाणी तेवढंच.

कुंडीत याचा परिणाम असा होतो. खत नुकतंच घातलं असेल किंवा बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं असेल, तर माती कोरडी होत आली तरी मीटर "ओली" म्हणतो. उलट नुसत्या कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) यांच्या भुसभुशीत मिश्रणात पायांना माती नीट टेकत नाही आणि ओलावा असूनही काटा खाली राहतो. त्यामुळे तबकडीवरचे १ ते १० आकडे जसेच्या तसे मानण्यात अर्थ नाही. आपल्याच कुंडीवर तो आधी लावून घ्यावा लागतो: भरपूर पाणी घातल्यावर दोन तासांनी आकडा पाहायचा, मग रोज एकाच खोलीवर, बुंधा आणि कड यांच्या मध्यावर पाहत जायचा, आणि बोटाने वरचे दोन इंच कोरडे लागतील त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवायचा. कुणाच्या कुंडीत तो ३ असेल, कुणाच्या ५. तो आकडा त्या कुंडीपुरता, त्या मातीपुरता.

मीटर मातीत कायमचा खोचून ठेवू नका, पायांवर गंज चढतो आणि काही महिन्यांत काटा मरतो. दर वेळी पुसून ठेवायचा. मुरमाड मातीत जोर लावला तर पाय वाकतात. "थ्री-इन-वन" मीटरमधला पीएचचा, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा, काटा तर शोभेचा समजा.

याचा खरा प्रतिस्पर्धी फुकट आहे: पतंगाची कामटी किंवा फूटभर लांबीची बांबूची काडी. कुंडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत घाला, पाच मिनिटं थांबा, काढून पाहा. ओली माती काडीला चिकटते आणि काडीचा रंग जिथवर गडद झालाय तिथवर ओल. क्षार, खत, कोकोपीट, कशाचाच तिच्यावर परिणाम नाही. १२ इंचांपर्यंतच्या कुंड्यांसाठी मीटर घेऊच नये. १८-२० इंची, सहा फुटी झाडाच्या, उचलून वजन बघता येत नाही अशा कुंड्या चार-पाच असतील, तर लांब पायांचा मीटर सोयीचा पडतो. तिथेही तो काडीचा मदतनीस.

तळाशी पाण्याचा कप्पा असलेली कुंडी

दिसायला सगळ्यांत देखणी वस्तू, म्हणून जास्त खपते आणि पाममध्ये जास्त नुकसानही हीच करते. दोष कुंडीचा कमी, आत जे भरलं जातं त्याचा जास्त.

रचना साधी आहे. बाहेरची कुंडी, आत जाळीदार तळाचा कप, दोहोंच्या मध्ये पाण्याचा कप्पा. कपातून खाली लोंबणारी वात किंवा मातीने भरलेलं एक नळकांडं. बाजूला पाणी ओतायचं तोंड. पातळी दाखवणारा तरंगता दांडा. आणि चांगल्या कुंडीत कप्प्याच्या वरच्या कडेला जादा पाणी वाहून जायचं भोक. हे शेवटचं भोक नसेल तर ती कुंडी घेऊच नका. १० इंची कुंडीचा कप्पा बहुधा दोन लिटरच्या आसपास असतो आणि घरातल्या तीन फुटी अरेकाला तो आठ ते बारा दिवस पुरतो. किंमत ४०० पासून ९०० पर्यंत, जाड प्लास्टिक असेल तर जास्त.

वातीने पाणी वर चढतं ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून. पोकळ्या जितक्या बारीक तितकं पाणी उंच चढतं आणि तितकी हवा कमी. इथेच घोटाळा होतो. महाराष्ट्रातल्या बऱ्याच नर्सऱ्यांतला पाम येतो आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सरीपट्ट्यातून, चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यासह. तो गोळा तसाच उचलून वातीच्या कुंडीत बसवला की लाल माती सगळीकडून पाणी ओढते आणि महिनोन्‌महिने चिंब राहते. वरून पाहणाऱ्याला दांडा "पाणी पुरेसं" दाखवतो, आणि आत मुळं कुजत असतात.

अशा कुंडीत पाम लावायचाच असेल तर मिश्रण आधी ठरवा. तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट, एक भाग गांडूळखत, एक भाग पोयटा माती. हाताशी असेल तर मूठ-दोन मुठी कोळशाचा चुरा. कोकोपीटच्या विटा दोनदा तरी साध्या पाण्यात भिजवून, पिळून घ्या, कारण त्यांत क्षार असतात. मुळांचा लाल गोळा पूर्ण फोडू नये, पामला मुळं तुटलेली सोसत नाहीत. गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बाहेरची इंचभर माती बोटांनी सुटेल तेवढी सोडवा आणि मधल्या घट्ट भागात बांबूच्या काडीने आठ-दहा भोकं पाडा. लावल्यावर पहिले चार ते सहा आठवडे कप्पा रिकामा ठेवून वरूनच पाणी द्यायचं. मुळं खाली उतरल्याशिवाय वातीचा उपयोग नाही.

नंतर कप्पा भरा, पण रिकामा झाल्या झाल्या पुन्हा नाही. दांडा तळाला टेकल्यावर घरात तीन-चार दिवस, बाल्कनीत एक-दोन दिवस थांबा. सतत भरलेला कप्पा म्हणजे सतत ओली माती, आणि तिचे हाल वर सांगितलेच.

आणखी तीन गोष्टी खोक्यावर कोणी छापत नाही. पहिली, क्षार. साध्या कुंडीत वरून घातलेलं पाणी क्षार धुऊन खाली नेतं. इथे पाणी फक्त वर चढतं आणि उडून जातं, क्षार वरच्या थरात राहतात. चार-सहा महिन्यांत मातीवर पांढरा पापुद्रा दिसतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. त्यावर उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी आतला कप बाहेर काढून नळाखाली धरणं: मातीच्या दुप्पट मापाचं पाणी, अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन हप्त्यांत. १० इंची कुंडीला यासाठी पंधरा-सोळा लिटर लागतात. आतला कप सुटा निघत नसेल तर हे करताच येत नाही, म्हणून विकत घेताना तो उचलून बघा. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. बाकी झाडांचं काहीही असो, या कुंडीतल्या पामला ते अजिबात नको.

दुसरी, वात. सुती वात चार-सहा महिन्यांत कुजते आणि पाणी चढणं एकाएकी थांबतं. कप्पा भरलेला, झाड मात्र सुकलेलं. कप्पा पंधरा दिवसांत अजिबात उतरला नाही तर वात तपासा. नायलॉनची जाड दोरी घातली की हा प्रश्न मिटतो.

तिसरी, डास. कप्प्यातलं स्वच्छ, साचलेलं पाणी डेंगीचा डास शोधतच असतो, आणि अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतायच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा आणि आठवड्यातून एकदा कप्पा पूर्ण रिकामा करा. मग "दहा दिवस बघायला नको" या जाहिरातीतलं किती उरलं, ते तुम्हीच ठरवा.

पावसाळ्यात उघड्या बाल्कनीत ही कुंडी नको. घरात, पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत, ऱ्हापिस आणि अरेकासाठी ठीक. फॅन पाम, बिस्मार्किया, खजुराच्या जातीसाठी मुळीच नाही. तीच गोष्ट नर्सरीत "सागो पाम" आणि "पोनीटेल पाम" म्हणून मिळणाऱ्या झाडांची. नावातच काय तो पाम: पहिलं सायकस आहे, दुसरं शतावरीच्या कुळातलं, आणि दोन्ही वातीच्या कुंडीत कुजतात.

टायमरवाला ठिबक संच

पैसे घालायचे तर इथे. मात्र ऑनलाइन मिळणारा "पन्नास कुंड्यांचा संच" तसाच्या तसा घेऊ नये. त्यात बहुधा चार मिलिमीटरची पातळ नळी, लाल टोपीचे, फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) आणि प्लास्टिकचे नाजूक टी-जोड असतात. लाल टोपीचा ड्रिपर कागदावर ताशी शून्यापासून साठ-सत्तर लिटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात नळाजवळची कुंडी वाहते आणि शेवटची कोरडी राहते. एक टोपी फिरवली की बाकी सगळ्यांचा प्रवाह बदलतो. पाममध्ये मात्रा महत्त्वाची, तेव्हा हे चालणार नाही.

त्याऐवजी शेतीचं ठिबक साहित्य विकणाऱ्या दुकानात जा. काळी १६ मिलिमीटरची लॅटरल (मुख्य नळी), तिला भोक पाडायचा पंच, त्या भोकात बसणारे ग्रोमेट (रबरी कडं) आणि टेक-ऑफ (जोड), तिथून कुंडीपर्यंत जाणारी बारीक मायक्रो ट्यूब, ताशी २ आणि ४ लिटरचे ठरलेल्या प्रवाहाचे ड्रिपर, नळीचं टोक बंद करणारी एंड कॅप, नळाचा जोड आणि १२० मेशचा (बारीक जाळीचा) लहान फिल्टर. शेतातल्या उन्हासाठी केलेली लॅटरल गच्चीवर वर्षानुवर्षं टिकते. दहा-बारा कुंड्यांचं सगळं साहित्य मिळून खर्च ऑनलाइन संचाच्या आसपासच जातो, टायमर वेगळा.

ड्रिपरचा हिशेब पाम ठेवणाऱ्याने एकदाच करायचा. ८ इंची कुंडीला २ लिटरचा एक, १२ इंचीला ४ लिटरचे दोन, १६ इंचीला ४ लिटरचे चार. मग पूर्ण दाब असेल तर पंधरा मिनिटांत अनुक्रमे अर्धा, दोन आणि चार लिटर पडतं. वेळ सगळ्यांना एकच, मात्रा कुंडीप्रमाणे. ड्रिपर बुंध्याला चिकटून नको, दोन-तीन इंच लांब, समोरासमोर. मोकळ्या मिश्रणात थेंब सरळ खाली उतरतो, बाजूला पसरत नाही; एकच ड्रिपर असला की झुपक्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी वाळकी दिसते. अरेकाच्या कुंडीत बहुधा दहा-पंधरा वेगळी रोपं एकत्र लावलेली असतात, त्यामुळे कोरड्या बाजूची रोपं खरोखर मरतात.

यात "पूर्ण दाब" हे शब्द महत्त्वाचे. ड्रिपरवर छापलेला आकडा एक बार दाबाचा, म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याच्या उंचीचा असतो. गच्चीवरच्या टाकीखालीच कुंड्या असतील तर उंची जेमतेम दीड मीटर मिळते. प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून ४ लिटरचा ड्रिपर तिथे ताशी दीड लिटरच देतो आणि पंधरा मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागतात. अंदाजावर सोडू नका: मापाच्या भांड्यात एका ड्रिपरचं पंधरा मिनिटांचं पाणी धरा आणि चाराने गुणा. हे मोजमाप पहिल्या आणि शेवटच्या कुंडीवर, दोन्हीकडे करा. दुकानदार कौतुकाने "पीसी ड्रिपर", म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखा प्रवाह देणारा, दाखवतो. तो खरोखर चांगला असतो, पण त्याला ठरावीक किमान दाब लागतो. टाकीखालच्या गच्चीवर तो नुसता बसून राहील. सात मजली इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र तोच घ्यावा. तिथे दाब इतका असतो की साध्या मायक्रो ट्यूबचे जोडही कधीकधी उडतात.

टायमर घेतानाही हाच मुद्दा. आत दोन प्रकारच्या झडपा असतात. सोलेनॉइड झडपेला (विजेच्या चुंबकाने चालणारी) उघडायला पाण्याचा थोडा दाब लागतो; टाकीखाली ती अर्धवट उघडते किंवा नीट बंदच होत नाही. मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हला दाब लागत नाही. गच्चीसाठी खोक्यावर "शून्य बार" लिहिलेला बॉल व्हॉल्व्हचा टायमरच घ्या, थोडा महाग पडला तरी. झडप उघडी असताना सेल संपले तर ती उघडीच राहण्याचा धोका असतो; शेजाऱ्याच्या छतावर पाणी उतरण्यापेक्षा गावी जाण्याआधी नवे सेल घालणं स्वस्त.

टायमरवर काय लावायचं, इथे बहुतेकांची चूक होते. रोज तीनदा पाच मिनिटं, हा नमुना पालेभाजीसाठी ठीक आहे. पामला तो म्हणजे रोज शिंपडलेल्या अर्ध्या मगाचाच यांत्रिक अवतार. पामला दर दोन, तीन किंवा पाच दिवसांनी एकदाच, पण पूर्ण मात्रा. म्हणून घेताना टायमर ४८, ७२ तासांचं अंतर लावू देतो का ते पाहा. काही स्वस्त टायमर फक्त रोजचीच वेळ लावू देतात, ते पामसाठी निरुपयोगी. लाल मातीचा गोळा आत असेल तर पाणी कडेने निसटून खाली जातं आणि गोळा कोरडा राहतो. तिथे मात्रा निम्मी करून अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा लावा, पहिल्या हप्त्याने माती भिजून दुसरं पाणी आत मुरतं. वेळ पहाटेची. संध्याकाळी दिलं तरी झाड मरत नाही, पण पानांच्या बेचक्यांत पाणी रात्रभर साचू देऊ नये.

लॅटरल कुंड्यांच्या वर टांगली तर दिसायला सुबक वाटते. पण १६ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १५० मिलिलिटर पाणी असतं. टायमर बंद झाल्यावर दहा मीटर नळीतलं दीड लिटर पाणी सगळ्यांत खालच्या ड्रिपरमधून हळूहळू गळून जातं, दर वेळी, त्याच एका कुंडीत. एकाच कोपऱ्यातला पाम का कुजतो, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. लॅटरल जमिनीवर टाका आणि मायक्रो ट्यूब वर न्या.

देखभाल: फिल्टरची जाळी महिन्याला धुवायची. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. दर तीन-चार महिन्यांनी ड्रिपर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवायचे. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की गच्चीवरचा टायमर बंद. पावसात पाणी पुढे ढकलणारं "रेन डिले"चं बटण दोन-तीन दिवसांसाठी असतं, आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा.

मातीची खुंटी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. कच्च्या भाजणीच्या मातीची पोकळ खुंटी, तिच्यात लिटरभराची बाटली उलटी. पाणी मातीतल्या रंध्रांतून झिरपतं, माती कोरडी असेल तसं. ६-८ इंची कुंडीतल्या चमेडोरियाला चार दिवसांच्या गावाला पुरतं. १४ इंची अरेकाला एक बाटली म्हणजे काहीच नाही, आणि चार खुंट्या खोचायला जाळं झालेल्या मुळांत जागा नसते. रंग दिलेली किंवा चकचकीत लेपाची खुंटी झिरपतच नाही, ती घेऊ नका. आदल्या रात्री खुंटी पाण्यात भिजवून मगच खोचायची, नाहीतर तिच्याभोवतीची माती सुटते आणि हवेची पोकळी राहते.

अंगणातल्या पामसाठी

अंगणात हीच मातीची युक्ती मोठ्या मापात चांगली चालते. सहा-सात लिटरचं बिनरंगी मडकं नव्या लावलेल्या पामपासून दीड फुटावर, गळ्यापर्यंत पुरायचं आणि तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा. पहिले दोन उन्हाळे अशी दोन मडकी, दर तीन-चार दिवसांनी भरलेली, मुरमाड जमिनीत फॉक्सटेल किंवा बॉटल पामला पुरतात. बाजारात याच वस्तूला परदेशी नाव देऊन चौपट किमतीला विकतात, कुंभाराकडून घ्या. काळ्या मातीत मडकं नको, तिथे पाणी सहज झिरपत नाही. तिथे झाड थोडं उंचवट्यावर लावून आठवड्यातून एकदा आळं भरणं बरं.

ट्रकमधून आणलेल्या दहा-बारा फुटी रॉयल किंवा फॉक्सटेलचं वेगळं. काढताना त्याची बरीच मुळं तुटलेली असतात आणि नवी मुळं बुंध्याच्या तळातून फुटायला वेळ लागतो. पहिले तीन महिने पाणी मुळांच्या गोळ्यावरच पडलं पाहिजे, दोन मीटर दूरच्या आळ्यात नाही. इथे १६ मिलिमीटरची लॅटरल बुंध्याभोवती वेटोळं करून, ८ लिटरचे चार ड्रिपर लावून एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास चालवावी. सोसायट्यांचा माळी पाइप धरून वरून पानं धुतो आणि बुंध्याशी दोन मिनिटं सोडतो. त्यात वरची दोन इंच माती भिजते.

माड आणि पोफळीसाठी गणित आधीच करून ठेवलेलं आहे. केरळातल्या कासरगोडच्या सीपीसीआरआयची (नारळ-सुपारीसारख्या पिकांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था) शिफारस मोठ्या माडाला उन्हाळ्यात दर चार दिवसांनी सुमारे २०० लिटर, १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात. पहिल्या दोन वर्षांच्या रोपाला दर चार दिवसांनी ४५ लिटर. पोफळीला एका वेळी १७५ लिटर, थंडीत आठवड्याने आणि मार्चनंतर तीन ते पाच दिवसांनी. कोकणातल्या जांभ्यावर किंवा गोव्याच्या रेताड किनाऱ्यावर पाणी झरकन उतरतं, तिथे तेवढंच पाणी दोन हप्त्यांत विभागून द्या आणि आळ्यात नारळाची सोडणं पालथी अंथरा. बंगल्याच्या अंगणातल्या दोन माडांना टायमर लावायचा झाला तर प्रत्येकी ८ लिटरचे चार ड्रिपर, बुंध्यापासून मीटरभर अंतरावर. ताशी ३२ लिटर पडतं, म्हणजे रोज दीड तासात चार दिवसांच्या २०० लिटरची बरोबरी होते. रोज थोडं दिलेलं माडाला चालतं, कारण अंगणात खाली तळ नसतो. कुंडीला असतो.